हस्त सरला, आता बागेत हात घाला : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली निम्मी पत्रं लॉनबद्दलची आहेत. उरलेल्या बहुतेकांनी एकच विचारलंय, "आता काही लावायला उशीर झाला का?"

उशीर झालेला नाही. हस्ताचा पाऊस सरतो, ऑक्टोबरचं ऊन तापतं आणि माणसं बागेकडे पाठ फिरवतात, कारण जूनमध्ये लावलेलं सगळं तेव्हा दमलेलं दिसतं. दोडक्याचा वेल बुडातून वाळतो, भेंडीची पानं पिवळी पडतात, गवत गुडघ्याला लागतं. पण परसातल्या भाजीचा खरा हंगाम दसऱ्यापासून सुरू होतो. कीड कमी, तण कमी आणि पाणी आपल्या हातात. पावसाळ्यात यातलं एकही आपल्या हातात नसतं. मी एका साखर कारखान्याच्या वसाहतीत 31 वर्षं बागांची देखरेख केली, त्याआधी माझे वडील तिथेच माळी होते. आमच्या घरात दसऱ्याला कुदळ-खुरप्याची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी तीच कुदळ वाफ्यात चालायची.

एक विनंती आधीच करते. पत्रात जागा किती फूट, ऊन किती तास आणि पाणी बोअरचं की नळाचं, एवढं जरूर लिहा. "झाड सुकतंय, औषध सांगा" एवढ्यावर मी काही सांगितलं तर तो अंदाज होईल, आणि अंदाजाने औषध मारू नये या मताची मी आहे.

प्रश्न : ताई, आमच्या बंगल्यापुढे 500 चौरस फुटांचं लॉन आहे. गणपतीनंतर त्यात पिवळे डाग पडले, आता ताटाएवढे झालेत. रोपवाटिकेतून बुरशीनाशक आणून दोनदा फवारलं, फरक नाही. गवत काढून नवीन घालावं का? (सांगली)

दादा, नवीन गवत आणण्याआधी एक काम करा. डागाच्या कडेला, जिथे हिरवं आणि पिवळं भेटतं तिथे, गवत मुठीत धरून वर ओढा. सतरंजी उचलावी तसं ते अलगद वर आलं, खाली मुळंच नसली, तर ती बुरशी नाही, हुमणी आहे. तिथेच एक फूट लांब, एक फूट रुंद आणि चार बोटं खोल माती उकरा. पांढरी, जाड, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली अळी दिसेल. एक-दोन सापडल्या तर घाबरायचं कारण नाही. पाच-सहा सापडल्या तर आजच कामाला लागा.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण एकदा मीच हुमणी लॉनवर नेऊन घातली होती. वसाहतीतल्या अतिथिगृहासमोर मोठं लॉन होतं. एका वर्षी एप्रिलमध्ये गोठ्यातलं शेणखत मागवलं. ते अर्धवट कुजलेलं होतं, हाताला गरम लागत होतं, तरी कामाची घाई होती म्हणून पसरून टाकलं. ऑगस्ट संपताना डाग दिसू लागले आणि ऑक्टोबरात अर्धं लॉन हाताने गुंडाळता येत होतं. अर्धकच्च्या शेणात हुमणीची अंडी आणि अळ्या असतात. शिवाय नुसत्या वासानेही भुंगेरे तिकडे ओढले जातात. त्या वर्षापासून माझा नियम आहे : खत मुठीत घेतल्यावर थंड लागलं पाहिजे, भुसभुशीत असलं पाहिजे आणि त्याला पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा वास आला पाहिजे. नाहीतर ते आणखी तीन महिने खड्ड्यातच राहील.

आता करायचं काय? अळी या दिवसांत पूर्ण वाढलेली असते आणि लवकरच कोषात जायला खोल उतरते. मोठ्या अळीवर औषधाचा परिणाम फार कमी होतो. म्हणून या वर्षी हाताने वेचणं हाच उत्तम उपाय. डागांची जागा खुरप्याने हलवा आणि सकाळी तासभर तशीच उघडी ठेवा. साळुंक्या आणि बगळे तुमच्या निम्म्या अळ्या वेचतील. उरलेल्या तुम्ही वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. मग मेटारायझियम ही मित्रबुरशी चाळलेल्या कंपोस्टात मिसळून संध्याकाळी पसरा आणि पाणी द्या. प्रमाण पुडीवर असतं, तेच धरा. ती ओल्या मातीत टिकते, दुपारच्या उन्हात पसरली तर वाया जाते.

खरं काम पुढच्या मे-जूनमध्ये आहे, ते कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की त्या संध्याकाळी, अंधार पडताच, हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर बसून पाला खातात. आसपास असं झाड असेल तर साधारण साडेसात-आठच्या सुमारास खाली जुनी चादर पसरून फांद्या हलवा. भुंगेरे खाली पडतात, तेही रॉकेलच्या पाण्यात टाका. एक मादी गेली म्हणजे तिची सगळी अंडी गेली. आठ-दहा दिवस शेजारच्या चार घरांनी मिळून हे केलं तर पुढच्या गणपतीत डाग नाहीत.

मोकळ्या झालेल्या जागा पोयटा (गाळाची माती) आणि चाळलेल्या कंपोस्टाने भरा. त्याच लॉनमधल्या दाट भागातून गवताच्या गाठी काढून चार-चार बोटांवर टोचा. दिवाळीपर्यंत रात्री उबदार आहेत तोवरच हे उरका. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आपल्याकडचं गवत वाढायचं थांबतं, रंगही फिका पडतो. तेव्हा काळजीने युरिया टाकू नका. गवत उपाशी नसतं, थंडीने थांबलेलं असतं.

कापणीचंही सांगते. पावसाळाभर वाढू दिलेलं गवत एका दिवसात बुडापासून भादरलं की खालची पांढरी देठं उन्हात करपतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. दर पाच-सहा दिवसांनी थोडं थोडं खाली आणा आणि दीड इंचावर थांबा. यंत्राचं पातं बोथट असेल तर टोकं फाटतात आणि सगळं लॉन दुरून राखाडी दिसतं.

आणि आता पाणी. लॉनला या दिवसांत आठवड्याला साधारण एक इंच पाणी लागतं. तुमचे 500 चौरस फूट म्हणजे जवळपास 46 चौरस मीटर. हिशेब केलात तर आठवड्याला 1,150 लिटर होतात, म्हणजे हजार लिटरची टाकी भरून वर आणखी. उन्हाळ्यात याच्या दीडपट तरी धरा. रोज पाच मिनिटं पाइप फिरवण्याने हे पाणी मुळाशी जातच नाही, वरचा पापुद्रा ओला होतो आणि मुळं वरवर राहतात. सपाट बुडाचा डबा लॉनवर ठेवा आणि आठवड्यातून दोनदा, डब्यात अर्धा इंच साठेपर्यंत पाणी द्या.

हा आकडा मी मुद्दाम लिहिला. मी निवृत्त होऊन घरी आले तेव्हा माझ्या अंगणात 600 चौरस फूट लॉन होतं. पहिल्याच उन्हाळ्यात गावात एक दिवसाआड पाणी यायला लागलं आणि गवतावर ते ओतताना माझा हात थांबला. त्या दसऱ्याला मी अर्ध्याहून अधिक लॉन उकरलं. नातवंडं खेळतात, संध्याकाळी खुर्ची टाकतो, तेवढी 200 चौरस फूट ठेवली आणि बाकीच्या जागेत वाफे घातले. भाजीलाही पाणी लागतं, पण ते ताटात परत येतं. तुमच्या लॉनचे जे कोपरे हुमणीने खाल्लेत, ते पुन्हा गवतालाच द्यायचे का, याचा घरात एकदा विचार करा.

प्रश्न : लॉनमध्ये लव्हाळा शिरलाय. दर रविवारी मी आणि मुलगा बसून उपटतो, पुढच्या रविवारी दुप्पट असतो. (बारामती)

दुप्पट होतो, कारण तुम्ही उपटता. लव्हाळ्याच्या खाली गाठी असतात आणि त्या मण्यांच्या माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरचा शेंडा ओढला की माळ तुटते आणि तोवर झोपलेल्या गाठी एकेक करून फुटतात. पात धरून ओढायचं पूर्ण बंद करा. अरुंद खुरप्याने सहा-आठ इंच खोल जाऊन गाठीसकट काढा. जिथे तेवढं उकरणं शक्य नाही तिथे पात जमिनीलगत कापत राहा, दर दहा-बारा दिवसांनी, न चुकता. पानाविना गाठीतला साठा संपत जातो. याला दोन हंगाम लागतात. कमी वेळ सांगून मी तुम्हाला फसवणार नाही.

वाफ्यात असेल तर काम सोपं आहे. एप्रिल-मेमध्ये वाफा कोरडा ठेवून खोल खणा आणि गाठी उन्हात उघड्या पडू द्या. ओलीत त्या वर्षानुवर्षं टिकतात, पण उन्हात वाळल्या की मरतात. सावलीतही लव्हाळा हरतो. दाट कोबी किंवा पसरलेली चवळी असली की तो खुरटतो. पातळ प्लास्टिक अंथरू नका, त्याची टोकं ते भोसकून वर येतात.

ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दल तुम्ही विचारलंय. ते लव्हाळ्याबरोबर तुमचं लॉनही मारेल. शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. घरच्या मुलाच्या हातात ते देऊ नका.

प्रश्न : आंब्याखाली गवत टिकत नाही. कोणती जात लावू? (कोल्हापूर)

कोणतीच नको. लॉनसाठी आपल्याकडे बहुधा हरळीच्याच सुधारलेल्या जाती लावतात. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही तीच. तिला निदान सहा तास थेट ऊन लागतं, दाट आंब्याखाली ती जगणार नाही. सावली सोसणाऱ्या रुंद पानांच्या जाती आहेत, पण आंब्याची मुळं वरच्या थरातलं पाणी आधी ओढून घेतात. तिथे पडलेला पाला तसाच राहू द्या आणि खोडापासून चार-पाच फूट सोडून पुढच्या जूनमध्ये हळद लावा. विरळ सावलीत ती छान येते आणि फेब्रुवारीत घरची हळद निघते.

प्रश्न : आम्ही दोघंच आहोत, वय झालंय. मागे 10 बाय 12 फूट मोकळी जागा आहे, ऊन दिवसभर. ट्रॅक्टरभर माती टाकून घेतली. आता यात काय लावावं? (कराड)

काका, दोन माणसांना ही जागा भरपूर आहे. पत्र वाचून मला आनंद झाला. तुमच्यासाठी सविस्तर लिहिते.

आधी आखणी. 10 फुटांच्या बाजूने मोजा : साडेतीन फुटांचा एक वाफा, दीड फुटाची वाट, साडेतीन फुटांचा दुसरा वाफा, आणि भिंतीलगत दीड फुटाची पट्टी वेलांसाठी. वाफा साडेतीन फुटांपेक्षा रुंद नको, कारण कडेला बसून मध्यापर्यंत हात पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडता कामा नये. पाय पडला की माती दबते आणि मुळा-गाजर वाकडं होतं. वाटेत दोन फरशा टाका आणि बसायला बुटका पाट ठेवा, गुडघ्यांना बरं पडेल.

ट्रॅक्टरची माती म्हणजे बहुधा काळी असेल. ओली असताना ती अजिबात खणू नका, ढेकळं होतील आणि वर्षभर फुटणार नाहीत. मूठभर घेऊन लाडू वळा आणि बोटाने टोचा. लाडू फुटला तर खणा, चिकटून राहिला तर तीन दिवस थांबा. दोन्ही वाफ्यांत मिळून सहा-सात पाट्या पूर्ण कुजलेलं खत मिसळा. तुमच्याकडे उसाचं पाचट सहज मिळेल, एक मोळी आणून ठेवा.

आता लावणी. एकदम सगळं लावण्याचा मोह आवरा. आपल्या थंडीच्या भाज्यांना दोन वेळा आहेत, एक दसऱ्याची आणि एक दिवाळीची.

दसऱ्याला, दुपार तापत असतानाच, मेथी, मुळा, शेपू, चाकवत चालतात. मेथी चार दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत तुमच्या ताटात. पण सगळा वाफा मेथीने भरू नका. हातभर रुंद पट्टी आज, हातभर दहा दिवसांनी, आणखी हातभर त्यापुढे दहा दिवसांनी. अशा चार पट्ट्या फिरवल्या की मार्चपर्यंत ताजी कोवळी मेथी सुटणार नाही. एकदम पेरलेली मेथी एकदमच जून होते आणि दोन माणसं रोज ती कशी खाणार? वांगी, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर यांची महिनाभराची रोपं आणून याच दिवसांत संध्याकाळी लावा. टोमॅटोत राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या धनश्री, भाग्यश्री या जाती चांगल्या आहेत. वांग्यात मांजरी गोटा मिळाला तर जरूर लावा. भरल्या वांग्याला त्याच्यासारखं दुसरं वांगं नाही, असं माझं मत आहे. दोघांना तीन झाडं वांग्याची, चार टोमॅटोची, बस.

दिवाळीनंतर, पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटतं तेव्हा, वाटाणा, गाजर, पालक, बीट, लसूण. वाटाण्याची लोक घाई करतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो मर खातो. थांबा. थंडी पडल्यावर पेरलेला आर्केल जातीचा वाटाणा दोन-सव्वादोन महिन्यांत शेंगा देतो. त्याला पाणी बेताचंच, फूल येताना आणि दाणा भरताना मात्र चुकवू नका.

गाजराचं बी जागेवरच पेरतात, रोप उपटून लावलं की मुळाला फाटे फुटतात. ताजं खत, खडे, ढेकळं यांनीही फाटे फुटतात. एक फूट माती चाळल्यासारखी मऊ करा. बी अगदी बारीक असतं, चार मुठी कोरड्या वाळूत मिसळून ओळीत सोडा आणि त्याच ओळीत वितीवर एकेक मुळ्याचं बी टाका. गाजर उगवायला दहा-पंधरा दिवस घेतं, मुळा तीन-चार दिवसांत वर येतो आणि ओळ कुठे आहे ते दाखवतो. त्यामुळे खुरपणीत गाजर मरत नाही, आणि गाजर फुगायला लागतं तोवर मुळा काढून झालेला असतो. पुढे गाजराची विरळणी करताना हात मागे घेऊ नका. दोन रोपांत तीन बोटं जागा सोडा. दाट ठेवलीत तर फक्त पालाच मिळेल.

लसणाच्या गड्डीतल्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या निवडा, टोक वर करून बोटाच्या पेराएवढ्या खोल आणि चार बोटांवर लावा. सगळ्या वाफ्यांच्या कडेने लसूण लावा, वेगळी जागा लागत नाही. फेब्रुवारीअखेर ते मार्चपर्यंत पात पिवळी होऊन मान पडते, तेव्हा काढा.

आणि एक कोपरा, तीन फूट बाय तीन फूट, हरभऱ्याला द्या. पीक म्हणून नाही, भाजी म्हणून. महिनाभराचा झाला की शेंडे खुडा. जितके खुडाल तितका तो फुटतो. त्या पानांवर आंब धरते, म्हणून ती भाजी आंबूस लागते आणि कोवळा पाला नुसता तेल-मीठ-तिखट लावूनही खातात. खुडताना मात्र बोटं चुरचुरतात. आमच्या वडिलांचं हे आवडतं तोंडीलावणं होतं.

रोपं वीतभर झाली की पाचटाचा दोन इंच थर अंथरा. मग रोज पाणी लागत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी द्या.

प्रश्न : जूनमध्ये वाल लावला. वेल गच्चीपर्यंत गेला, पानं हातभर, फूल एकही नाही. युरिया दिला तरी नाही. (पुणे)

तुमचा वेल निरोगी आहे. तो रात्र मोठी व्हायची वाट बघतो आहे. आपल्या जुन्या गावरान वालाला, पावट्याला दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही. जूनमध्ये लावला काय आणि ऑगस्टमध्ये लावला काय, कळी धरते ती दसऱ्याच्या पुढे-मागेच. जूनमध्ये लावल्याने नुसता पाला वाढतो. पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमारास लावा, वेल आटोक्यात राहील. रायगडात तर भात कापल्यावर शेतातल्या उरलेल्या ओलीवरच वाल पेरतात. जानेवारीत ज्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात घालून, मडक्यात भाजून पोपटी लावतात, त्या याच पिकाच्या.

युरिया ताबडतोब बंद करा. तो पानंच वाढवेल. पाणीही थोडं ताणा. आणि रात्री बाहेर जाऊन बघा, गच्चीचा किंवा फाटकाचा दिवा वेलावर पडतो का? या वेलाला सलग अंधार लागतो. रात्रभर उजेड असला तर कळी लांबते. दिवा मालवता येत नसेल तर निदान त्याचं तोंड फिरवा.

फुलं आली की मावा येईल, काळा, शेंड्यांवर दाटून. पहिल्या दिवशी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. तरी राहिला तर निंबोळीचा अर्क : 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी फडक्यात बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी पिळून एक लिटर करायचं, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा, आणि संध्याकाळी फवारायचं. फवारण्याआधी शेंडा नीट पाहा. नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या आकाराची बारीक करडी अळी फिरत असेल तर ती ढालकिड्याची आहे. ती मावाच खाते. तेव्हा फवारणी थांबवा आणि तिला आठवडाभर काम करू द्या.

प्रश्न : कोथिंबीर उगवतच नाही. किराणा दुकानातले धणे टाकले होते. (नाशिक)

दुकानातले धणे उगवतात, पण ते किती जुने आहेत ते कळत नाही. बियाण्याचे घ्या. एक धणा म्हणजे दोन बिया असतात. लाटण्याने किंवा चपलेच्या तळव्याने हलकेच रगडून दोन फाकी करा, पीठ होऊ देऊ नका. रात्रभर पाण्यात भिजवा, पेराच्या अर्ध्याएवढ्या खोल पेरा आणि ओलं पोतं पसरून ठेवा. आठव्या दिवसापासून रोज पोतं उचलून बघा. पहिला कोंब दिसला की पोतं काढा, एक दिवस उशीर झाला तर कोंब पोत्यात अडकून मोडतात. पारा तीस अंशांच्या वर असताना उगवण कमी होते आणि जे उगवतं ते लवकर फुलावर जातं, म्हणून या आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी पेरा. तुमचा हात वाईट नाही, वेळ चुकली.

प्रश्न : बाल्कनीतल्या टोमॅटोच्या खालच्या बाजूला काळा चपटा डाग पडतो, आतून कुजतो. कुठली कीड? (डोंबिवली)

कीड नाही. फळ भरताना त्याला कॅल्शियम पोचलं नाही की असा डाग पडतो, आणि कुंडीत बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, पण ते पाण्याबरोबर फळापर्यंत जातं. शनिवार-रविवार भरपूर पाणी आणि आठवडाभर विसर, असं झालं की पुरवठा तुटतो. तुम्ही दोघं नोकरीला जाता असं लिहिलंय, म्हणून हे आधी मनात आलं. डाग पडलेली फळं काढून टाका. कुंडी निदान एक फूट खोल आणि तेवढीच रुंद हवी, वर वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर हवा, आणि रोज सकाळी ठरावीक पाणी. अंड्याची टरफलं घातलीत ते चांगलं केलंत, पण ती कुजायला महिने घेतात, या फळांना त्यांचा उपयोग नाही.

प्रश्न : वायंगणात (हिवाळी हंगामात) तांबडी भाजी (लाल माठ) पेरतो, पण बी मुंग्या वाहून नेतात. पावडर मारायची नाही. (पेडणे, गोवा)

पावडर नकोच, पानं थेट पोटात जाणार आहेत. पेरताना बियांत मूठभर तांदळाचा रवा मिसळा आणि वाफ्याच्या कडेनेही थोडा शिंपडा. मुंग्या रवा उचलतात, तो मोठा आणि सोपा. चार दिवस त्यांना गुंतवलं की तोवर बी रुजतं. पेरून वर चाळलेल्या खताचा पातळ थर द्या आणि झारीने पाणी घाला. उघडं पडलेलं बीच त्या आधी नेतात. तुमच्या तांबड्या जांभ्या मातीत पाणी झरकन उतरतं, म्हणून खताची पाटी एक जास्त. जागा उरली तर नवलकोल लावा.

प्रश्न : अंगणात सागवान आणि आंब्याचा पाला ढिगाने पडतो. आम्ही जाळतो, शेजारी भांडतात. कुजवायचा म्हटलं तर वर्ष जातं. (सातारा)

शेजाऱ्यांचं बरोबर आहे. त्या धुराने तुमच्याही घरातल्या लहान मुलांना त्रास होतो, आणि वाफ्याला हवं असलेलं सोनं राख होऊन उडतं. सागाचं पान जाड असतं, तसंच टाकलं तर वर्षही जाईल. पाला आधी बारीक करा. पोत्यात भरून काठीने बडवा किंवा लॉनचं यंत्र त्यावरून दोनदा फिरवा. कुंपणाच्या जाळीचा तीन फूट रुंद, तीन फूट उंच गोल उभा करा. वीतभर पाला, त्यावर स्वयंपाकघरातला हिरवा कचरा किंवा कापलेलं गवत, त्यावर शेणकाल्याची एक बादली, असे थर लावत वर या. मुठीत घेऊन पिळल्यावर एखादा थेंब यावा, इतकीच ओल ठेवा. आठवड्याने आत हात घालून बघा, ऊब लागली पाहिजे. लागली नाही तर ओल किंवा हिरवा भाग कमी पडलाय. महिन्यातून एकदा वरखाली करा.

आत्ता भरलेला ढीग मे संपेपर्यंत निम्म्याहून खाली बसतो. मोठ्या भोकाच्या चाळणीने गाळा. खाली पडेल ते जूनच्या वाफ्यात, आणि चाळणीत राहील ते नव्या ढिगाच्या तळाला.